नायक कुणाचा? चाहत्यांचा की मालकांचा?

वडवणीच्या बाजारपेठेत परदेशी कॉमिक मिळत नाहीत. वह्या मिळतात, गाईड मिळतात, पोलीस भरतीची पुस्तके मिळतात. म्हणून २०१७ च्या मे महिन्यात औरंगाबादेत शिकणारा माझा भाचा सुट्टीत घरी आला आणि ‘मामा, कॅप्टन अमेरिका हिटलरवाल्यांना सामील झाला’ असे तावातावाने सांगू लागला, तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच्या तारखेच्या फायलीतून मान वर काढली नाही. म्हणालो, ‘अरे, कागदावरचा माणूस तो. लिहिणाराच त्याला उद्या परत आणील.’ त्यावर तो म्हणाला, ‘सामील झाला असं नाही म्हणत ते. तो पहिल्यापासूनच त्यांचा होता म्हणतात!’

‘पहिल्यापासूनच’ हा शब्द ऐकला आणि मी फाईल बंद केली. हा शब्द आपल्या कानाला नवा नाही.

चळवळीच्या दैनिकात अमेरिकेतल्या चित्रकथेवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचक बांधवांना पडेल. प्रश्न रास्त आहे. पण आपली मुले आज हेच वाचतात आणि हेच पाहतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोरेसुद्धा कॅप्टन अमेरिकेची ढाल छापलेला टी-शर्ट घालून फिरतात. मुलांच्या डोक्यात कोणता नायक बसतो आणि त्या नायकाचे पुढे काय केले जाते, याकडे आपण पाठ फिरवून कसे चालेल? शिवाय आपल्या नायकाचा इतिहास बदलला म्हणून हजारो सामान्य वाचक उभे राहतात आणि एका बलाढ्य कंपनीला खुलासा करावा लागतो, ही घटना आपण नीट समजून घेण्यासारखी आहे. त्यात त्यांचे बरोबर काय होते आणि चूक काय होते, हेही पाहण्यासारखे आहे.

कपडे शिवणाऱ्यांच्या पोरांनी घडवलेला नायक

कॅप्टन अमेरिका जन्माला घातला तो जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन तरुणांनी. दोघेही ज्यू. सायमनचे वडील शिंपी होते. कर्बीचे मूळ नाव जेकब कर्टझबर्ग, आईवडील युरोपातून स्थलांतरित होऊन आलेले, वडील कपड्यांच्या कारखान्यात काम करणारे, आणि घर न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत. या नायकाच्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ ही तारीख आहे. प्रत्यक्षात तो डिसेंबर १९४० मध्येच दुकानात आला होता. त्याच्या मुखपृष्ठावर काय होते? हा नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो आहे!

त्या वेळी अमेरिका युद्धात उतरलीच नव्हती. ती उतरली डिसेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर. उलट, फेब्रुवारी १९३९ मध्ये खुद्द न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिटलरच्या अमेरिकी समर्थकांनी सभा भरवली होती आणि तिला २० हजारांवर लोक हजर होते. अशा शहरात बसून दोन ज्यू पोरांनी हे मुखपृष्ठ काढले. त्यानंतर धमक्यांची पत्रे आली. कचेरीबाहेर संशयास्पद माणसे घुटमळू लागली. पोलीस बंदोबस्त लावावा लागला आणि महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला, असे सायमन यांनी पुढे सांगून ठेवले आहे. कर्बी तर नंतर प्रत्यक्ष सैनिक होऊन १९४४ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर लढले.

या नायकाचे खरे नाव स्टीव्ह रॉजर्स. तो मुळात अशक्त, हाडकुळा, म्हणून सैन्याने नाकारलेला पोरगा. एका औषधाच्या प्रयोगाने त्याला ताकद मिळते. ज्याला ‘तू नालायक’ म्हणून दारातून परत पाठवले तोच पुढे माणूसद्वेष्ट्यांशी लढतो. ज्यू वाचकाला, स्थलांतरिताच्या मुलाला, शाळेत मार खाणाऱ्या दुबळ्या पोराला हा नायक आपला का वाटला, हे निदान आपल्याला तरी समजावून सांगावे लागू नये.

तो आधीपासूनच त्यांचा होता म्हणे!

२०१६ हे या नायकाचे पंचाहत्तरावे वर्ष. त्या वर्षी २५ मे रोजी मार्व्हल कंपनीने ‘कॅप्टन अमेरिका : स्टीव्ह रॉजर्स’ या नव्या मालिकेचा पहिला अंक काढला. लेखक निक स्पेन्सर. अंकाच्या शेवटच्या पानावर स्टीव्ह रॉजर्स हायड्रा या संघटनेचा जयजयकार करतो. मार्व्हलच्या कथांमध्ये ही हायड्रा म्हणजे जगावर हुकूमशाही लादू पाहणारी गुप्त संघटना. कथांमधून आणि चित्रपटांतूनही तिचे नाते नाझींशी जोडलेले आहे. म्हणजे नायक शत्रूचा हस्तक निघाला, आणि तोही बालपणापासूनचा!

पुढच्याच अंकात उलगडा केला गेला. रेड स्कल या खलनायकाने वास्तव बदलण्याची ताकद असलेल्या एका घनाचा वापर करून भूतकाळच फिरवला होता. कथेत हा घन एका लहान मुलीच्या रूपात वावरतो. तिला फूस लावून स्टीव्ह रॉजर्सचे सगळे आयुष्य नव्याने लिहून घेतले गेले. त्याची आई, त्याचे बालपण, त्याच्या निष्ठा, सगळे नवीन. वरून माणूस तोच, पोशाख तोच, ढाल तीच, आतला विचार मात्र काढून टाकलेला.

हे प्रकरण वर्षभर चालवून एप्रिल ते ऑगस्ट २०१७ या काळात कंपनीने ‘सिक्रेट एम्पायर’ ही मोठी क्रॉसओव्हर मालिका काढली. क्रॉसओव्हर म्हणजे एरवी आपापल्या मालिकेत असणारे कंपनीचे सगळे नायक एकाच कथेत आणायचे. मुख्य मालिकेचे शून्यापासून दहापर्यंत अकरा अंक, आणि शिवाय इतर नायकांच्या मालिकांमधले जोडअंक वेगळे. कथा पुरती समजून घ्यायची तर वाचकाने तेही विकत घ्यावेत, असा हा धंद्याचा हिशेब असतो.

या मालिकेत कॅप्टन अमेरिका देशाची सत्ता बळकावतो. विरोध करू शकतील अशा नायकांना तो पृथ्वीबाहेर अडकवून ठेवतो आणि न्यूयॉर्क शहर अंधाराच्या घुमटाखाली कोंडतो. जे जन्मानेच वेगळे आहेत अशा लोकांना धरून छावण्यांत डांबले जाते. लास व्हेगास शहर बेचिराख होते. आणि शाळेत काय चालते? मुलांना नवा इतिहास शिकवला जातो : खरे तर हायड्राच जिंकली होती, शत्रूंनी खोटा इतिहास रचून तो विजय पुसून टाकला, आता आम्ही खरा इतिहास परत आणला! वाचकहो, सत्ता मिळताच पहिला घाव क्रमिक पुस्तकावर पडतो, हे कळण्यासाठी कॉमिक वाचायची आपल्याला गरज नाही. पण लेखकाने हे अचूक टिपले, हे मान्य केले पाहिजे.

चाहते का भडकले?

मग एवढी चांगली कल्पना असताना वाचक भडकले का? फॅसिझम घरातूनच, ओळखीच्या चेहऱ्याने येतो, असे लेखकाला सांगायचे असेल तर त्याचे कौतुक व्हायला हवे होते. काहींनी ते केलेही. पण मोठा वर्ग संतापला, आणि त्या संतापामागे ठोस कारणे होती.

पहिले कारण, जखम कुणाची आणि खेळ कुणाचा! ज्यू वाचकांनी सरळ विचारले : आमच्या माणसांनी, आमच्या माणसांची कत्तल चाललेली असताना, हिटलरच्या तोंडावर मारण्यासाठी हा नायक घडवला. त्यालाच तुम्ही त्या गोटात बसवता, आणि तेही अंकाच्या शेवटी वाचकाला धक्का द्यावा म्हणून? निर्मात्यांकडून उत्तर आले की हायड्रा म्हणजे नाझी नव्हेत. हे उत्तर तांत्रिक होते. कोर्टात आम्ही वकील मंडळी अशी उत्तरे रोज ऐकतो. पण दुखावलेल्या माणसाला व्याख्या ऐकवून त्याचे दुःख कमी होत नसते.

दुसरे कारण काळाचे. २०१६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सत्तापालट झाला. वंशवादी टोळ्यांना चेव आला. १२ ऑगस्ट २०१७ रोजी शार्लट्सव्हिल शहरात गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी उघड मोर्चा काढला. त्यात नाझी झेंडे होते, आणि विरोध करणाऱ्यांच्या गर्दीत मोटार घुसवून एका तरुणीचा जीव घेतला गेला. ‘सिक्रेट एम्पायर’चे शेवटचे अंक तेव्हा बाहेर पडत होते. जो वाचक रस्त्यावर हे पाहत होता, त्याला निदान कागदावर तरी आपला नायक आपल्या बाजूने हवा होता.

तिसरे कारण जाहिरातबाजी. कंपनीने दुकानदारांना सुचवले की मालिकेच्या प्रसारासाठी नोकरांनी हायड्राचे चिन्ह असलेले टी-शर्ट घालावेत, दुकानाची ओळखचिन्हे हायड्राच्या रंगात बदलावीत. यावर अनेक दुकानदारच बिथरले. ज्या चिन्हाचा अर्थ कथेत माणसांना छावण्यांत कोंबणे असा आहे, ते चिन्ह छातीवर लावून गिऱ्हाईकापुढे उभे राहायचे? कथेतला फॅसिझम हा इशारा असू शकतो, पण टी-शर्टवरचा फॅसिझम हा निव्वळ माल झाला. लेखकाची भूमिका काहीही असो, विक्री खात्याने ती उघडी पाडली.

संताप इतका वाढला की मालिका चालू असतानाच, मे २०१७ मध्ये, कंपनीला निवेदन काढावे लागले. आम्ही तुमची नाराजी ऐकतो आहोत, पण निष्कर्ष काढण्याआधी कथा पूर्ण होऊ द्या, असा त्याचा आशय होता. म्हणजे शेवट गोड आहे, हे सांगून आधी रहस्य विकले आणि मग तेच रहस्य फोडले! शेवटी झालेही तसेच. खरा स्टीव्ह रॉजर्स परत येतो, खोट्या स्टीव्हला हरवतो, आणि बरेचसे पूर्ववत होते. दहावा अंक ३० ऑगस्ट २०१७ रोजी आला. त्याच्या दोनच दिवस आधी, २८ ऑगस्टला, जॅक कर्बी यांची जन्मशताब्दी होती. नायक घडवणाऱ्याच्या शताब्दीच्या आठवड्यात त्याच्या नायकावरचा डाग पुसण्याचे काम चालले होते.

एवढ्याने वाचक समाधानी झाले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की गावे उद्ध्वस्त केली, माणसे मारली, छावण्या उघडल्या, आणि शेवटी ‘तो खरा नव्हताच’ म्हणून हात झटकायचे? जबाबदारी कुणाची? फॅसिझम जादूने येतो आणि जादूनेच जातो, असे सांगणारी कथा माणसाला काहीच शिकवत नाही. त्याला मते देणारे, टाळ्या वाजवणारे, गप्प बसणारे हे सगळे शेजारीच असतात. या प्रश्नाला मालिकेने नीट हात घातला नाही. मला चाहत्यांची ही टीका सर्वांत वजनदार वाटते.

संताप दोन प्रकारचा असतो

पण प्रत्येक चाहत्याचा प्रत्येक संताप बरोबरच असतो असे समजण्याचे कारण नाही. या प्रकरणात लेखकाला जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या गेल्या. हिटलरला ठोसा मारणाऱ्याचे चाहते म्हणवणाऱ्यांनी नेमके तेच केले, जे १९४१ मध्ये हिटलरच्या समर्थकांनी केले होते!

आणखी एक जुना प्रसंग पाहा. २००३ मध्ये याच मार्व्हलने ‘ट्रुथ’ ही सात अंकांची मालिका काढली होती. लेखक रॉबर्ट मोरालेस, चित्रकार काईल बेकर. तिची कल्पना अशी की स्टीव्ह रॉजर्सला ताकद देणारे औषध आधी कृष्णवर्णीय सैनिकांवर, त्यांना काहीही न सांगता, वापरून पाहिले गेले. बहुतेक मेले. आयझाया ब्रॅडली नावाचा एक वाचला. त्याने कॅप्टन अमेरिकेचा पोशाख चढवून शत्रूच्या मुलखात कामगिरी केली आणि बक्षीस म्हणून त्याला तुरुंगात टाकले गेले. या कल्पनेला इतिहासाचा आधार होता. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर गुप्तरोगाचा ‘अभ्यास’ केला. त्यांतील ३९९ जण रोगी होते. औषध उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही.

तेव्हाही चाहते भडकले होते. कित्येक जण तर अंक वाचण्याआधीच! त्यांचेही म्हणणे हेच होते : ‘आमच्या नायकाचा इतिहास बदलू नका.’ वरवर पाहता २००३ चा संताप आणि २०१७ चा संताप एकच वाटतो. पण आहे का एकच? २०१७ ला पीडितांच्या बाजूचा नायक अत्याचाऱ्यांच्या गोटात नेला म्हणून लोक चिडले. २००३ ला पीडितांना नायकाच्या इतिहासात जागा दिली म्हणून लोक चिडले. पहिला राग मूल्यासाठी होता, दुसरा राग मक्तेदारीसाठी.

कंपनीही यात मागे नव्हती. २०१७ च्या मार्चअखेर, विक्री घसरल्याची चर्चा चालू असताना, मार्व्हलचे विक्रीप्रमुख डेव्हिड गॅब्रियल एका मुलाखतीत म्हणाले की दुकानदारांच्या सांगण्यानुसार लोकांना आता विविधता नको आहे, स्त्री-नायिका नको आहेत. त्यावर टीका होताच त्यांनी खुलासा केला. पण मनातले ओठांवर आले ते आलेच! त्याच कंपनीची पाकिस्तानी वंशाची मुस्लिम किशोरी कमला खान ही नायिका २०१४ पासून वाचकांनी डोक्यावर घेतली होती आणि तिच्या पहिल्या पुस्तकाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला होता. अपयश धोरणाचे, पण खापर कुणावर? तर नव्याने आत आलेल्यांवर. हा अनुभवही आपल्याला नवा नाही.

आणि काळाने निकाल काय दिला? ज्या ‘ट्रुथ’वर लोक तुटून पडले, त्यातला आयझाया ब्रॅडली २०२१ मध्ये कंपनीच्या दूरचित्रवाणी मालिकेत आला आणि फेब्रुवारी २०२५ च्या चित्रपटातही आला. त्या चित्रपटात ढाल हाती घेणारा कॅप्टन अमेरिका सॅम विल्सन हा कृष्णवर्णीयच आहे. ‘सिक्रेट एम्पायर’ मात्र आज निघते ती बहुधा फसलेल्या मालिकांच्या यादीत.

सातबारा कुणाच्या नावावर?

आता वकील म्हणून एक गोष्ट सांगणे माझे काम आहे. चाहते कितीही ओरडले तरी कायद्याने नायक त्यांचा नव्हता. तो घडवणाऱ्यांचाही राहिला नव्हता. मोबदल्यावर करून दिलेले काम मालकाचे, हे तिथल्या कायद्याचे सूत्र. हक्क परत मिळावेत म्हणून सायमन म्हातारपणी कंपनीशी भांडले. २००३ मध्ये तडजोड झाली. कर्बी यांच्या वारसांनीही दावा केला. २०१३ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूने गेला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोड झाली. पोटतिडकीने नायक घडवणाऱ्यांना ही गत, तर वाचकाला कोण विचारतो?

आपल्याकडे प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५७ ने लेखकाला एक विशेष हक्क दिला आहे. हक्क विकले असले तरी आपल्या कृतीची विटंबना करणारी मोडतोड तो रोखू शकतो. लेखिका मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरून काढलेल्या चित्रपटाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने हा हक्क कराराच्या पलीकडचा असल्याचे मानले. पण तोही लेखकाचा हक्क. वाचकाला असा कोणताच हक्क जगात कुठे नाही. त्याच्या हाती दोनच गोष्टी आहेत : न विकत घेणे आणि बोलणे. अमेरिकेतल्या चाहत्यांनी त्या दोन्ही वापरल्या. त्यातले बरेच जण सनदशीर मार्गाने वागले, हे विसरता कामा नये.

आपल्या घरातला घन

आता भाच्याच्या त्या ‘पहिल्यापासूनच’कडे येतो. वास्तव बदलणारा घन कॉमिकमध्ये २०१६ साली फिरला. आपल्याकडे तो कैक शतके फिरतो आहे. वेदप्रामाण्य आणि यज्ञातली हिंसा नाकारणारे तथागत बुद्ध विष्णूचा नववा अवतार कसे झाले? चेहरा तोच, नाव तेच, विचार मात्र काढून टाकलेला! बाबासाहेबांनी हा डाव ओळखला होता. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारणारी प्रतिज्ञा त्यांनी स्वतंत्रपणे घातली.

आपल्या संतापाचीही तपासणी करू. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘रिडल्स इन हिंदुइझम’ असलेला बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला. राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्ट वगळण्याची मागणी झाली, तेव्हा १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत आपल्या माणसांचा विराट मोर्चा निघाला. मागणी काय होती? मजकूर वगळू नका! अखेर शासन या मताशी सहमत नाही, अशी टीप घालून मजकूर कायम राहिला. हा मूल्यासाठीचा राग होता, आणि तो जिंकला.

आता २०१२ आठवा. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. ते पाहून आपल्या विद्यार्थ्याच्या मनाला काय वाटेल, हा प्रश्न न्याय्य होता, आजही आहे. मे महिन्यात संसदेत तो उपस्थित झाला आणि सरकारने चित्र मागे घेतले. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. इथवर सगळे सनदशीर होते. पण दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. त्या तोडफोडीने कुणाचा फायदा झाला? त्या चित्राचा अर्थ काय, अपमान कुठे होतो, क्रमिक पुस्तके लिहिताना आपली माणसे कुठे असतात, हे सगळे प्रश्न मागे पडले आणि फुटलेल्या काचा तेवढ्या वर्तमानपत्रांत आल्या.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली होती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. म्हणजे अंध चाहते कुणाचेही असोत, ते धोक्याचेच. भक्ताला नायकाचा चेहरा पुरतो. म्हणून आतला विचार काढून घेऊन चेहरा तसाच ठेवला तरी त्याला पत्ता लागत नाही. ‘सिक्रेट एम्पायर’मध्येही नेमके तेच घडते. ढाल पाहून लोक मागे जातात!

आणखी एक तारीख ध्यानात ठेवा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले आहेत. चांगलेच झाले, स्वस्तात घरोघर जातील. पण आता ते कोणीही छापेल, सोयीची काटछाट करून छापेल, वर फोटो बाबासाहेबांचाच घालेल. त्याविरुद्ध कोर्टात भांडता येईल, आम्ही भांडूही. पण काटछाट झाली हे आधी कळणार कुणाला? ज्याने मूळ वाचले आहे त्यालाच.

ज्यांना कॅप्टन अमेरिका १९४१ पासून ठाऊक होता, त्यांनाच २०१६ ची लबाडी पहिल्या दिवशी ओळखता आली. नुसते टी-शर्ट घालणाऱ्यांना नाही.

जुलै २०१८ मध्ये कॅप्टन अमेरिकेचे लेखन ता-नेहीसी कोट्स या कृष्णवर्णीय विचारवंताकडे आले. त्यांनी कथा सुरू केली ती याच मुद्द्यावर : खरा स्टीव्ह परतला खरा, पण लोकांचा विश्वास परतला नाही. त्याचा चेहरा पाहिला की लोकांना छावण्या आठवतात. जादूने इतिहास पूर्ववत होतो, विश्वास होत नाही. चाहत्यांच्या रागातला जो भाग खरा होता, त्याची दखल शेवटी कथेलाच घ्यावी लागली.

माझा भाचा आता नोकरीला लागला आहे. परवा बुद्धपौर्णिमेला आला तेव्हा त्याच्या अंगावर तोच ढालीचा टी-शर्ट होता. मी विचारले, ‘का रे, राग गेला वाटतं?’ हसून म्हणाला, ‘मामा, ढाल त्या कंपनीची असेल, हिटलरला मारलेला ठोसा तिच्या बापाचा नाही.’ मग माझ्या कपाटातून ‘रिडल्स’चा खंड काढून घेऊन गेला. अजून परत केलेला नाही. मीही मागितलेला नाही.